गार लोखंड

अलिक कावीने आजवर एकतीस माणसं आडवी केली होती. हा आकडा त्याचा नव्हे, पोर्टगॅरनच्या धक्क्यावरचा. तिथली माणसं हॅडॉक माशांच्या पेट्या मोजताना एकवेळ चुकतील, पण कुणी कुणाचे किती दात पाडले यात चुकायची नाहीत. गावात सगळेच कावी आणि निम्मे अलिक, म्हणून घराघराला टोपणनाव. याच्या घराचं ‘वळू’. आजोबाने ते मिळवलं, बापाने राखलं आणि अलिकने त्यावर कळस चढवला बायकोच्या दफनाच्या दिवशी. थडग्यावर धड माती पडली नव्हती, तोच त्याने मेहुण्याचं नाक फोडलं आणि सोडवायला आलेल्या दोघांना त्याच मातीच्या ढिगावर निजवलं. मुलगी मोरव्हेन तेव्हा चौदा वर्षांची होती. आईची टोपी हातात धरून तिने सगळं पाहिलं होतं.

आज ती पंचविशीची होती, चार महिन्यांची गरोदर होती, बाळ ऑक्टोबरात येणार होतं, आणि तिचं लग्न होतं. सकाळी पांढऱ्या झग्यावर बापाचा जुना स्वेटर घालून ती स्वयंपाकघरात आली आणि चुलीपाशी उभी राहून बोलली.

“बाबा, आज कुणावर हात उचललास तर बाळ तुझ्या हातात द्यायची नाही. आज नाही, पुढेही नाही.”

“आणि समोरच्याने उचलला तर?”

“खायचा.”

“किती?”

“तो देईल तेवढे.”

अलिकने खारवलेल्या हेरिंग माशाचा काटा दातातून काढला, पुसला आणि बशीच्या कडेला ठेवला. “बरं,” तो म्हणाला. वळूच्या घरात एवढं बोललं की शपथ झाली.

मग किल्ट. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने कमरेला असलं काही गुंडाळलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या माणसांचा पोशाख म्हणजे मेणकापडाची विजार आणि रबरी बूट. किल्ट घालायचा तो डोंगरातल्या लोकांनी, जमीनदाराने किंवा बिस्किटाच्या डब्यावरच्या माणसाने. पण जावई ग्लेन टॅरिकच्या खोऱ्यातला, त्यांच्याकडे जन्मलेलं पोरसुद्धा किल्टमध्येच रडतं म्हणतात. तेव्हा इन्व्हरनेसहून भाड्याने आणला. आठ वार लोकरीचं कापड, मागे चुण्या, पुढे सपाट पदर एकावर एक. वाऱ्याने पदर उडू नये म्हणून खाली एक मोठी पिन. अलिकने ती दोन्ही पदरांतून आरपार खुपसली. जाळं शिवणारा माणूस एकच थर कशाला टोचेल? पहिलं पाऊल टाकलं तेव्हा गुडघे एकमेकांना बांधल्यासारखे झाले. त्याला वाटलं, हे असंच असणार, म्हणूनच डोंगरी लोक एवढे ताठ चालतात.

किल्टबरोबर उजव्या मोज्यात खोचायची छोटी काळी सुरी होती. ओढून पाहिली तर मूठ आणि म्यान एकच, आत पातंच नाही. सगळा प्लास्टिकचा ठोकळा. दुकानवाले भाड्याच्या जोडीत सगळ्यांना तेच देतात, लग्नात दारू असते म्हणून. अलिकला स्वतःचीच लाज वाटली. चाळीस वर्षं सुरीवर जगलेला माणूस आणि पायात खेळणं. त्याने ठोकळा खिडकीत ठेवला आणि मासे चिरायची आपली आखूड सुरी, मुठीला सुतळी गुंडाळलेली, चामड्याच्या खोळीसकट मोज्यात घातली.

धक्क्यावरून जाताना म्हातारे रांगेत बसलेलेच होते.

“ए वळू, कुणाचा घागरा ढापलास?”

“तुझ्या बायकोचा. रात्री विसरून गेली होती.”

“वारा कुठला आहे रे खाली?”

“उत्तरेचा. तुझ्यासारखा कोरडा.”

एरवी यातल्या निम्म्या वाक्यांवर कुणीतरी पाण्यात गेला असता. म्हातारे हसले, पण जरा हिरमुसलेच. फुकटचा खेळ बुडाला होता.

चर्चमध्ये सगळं नीट झालं. अलिकने मुलीला हात देऊन आत नेलं, आखडत्या पावलांनी, आणि लोकांना वाटलं, मुलीसाठी सावकाश चालतोय. दुपारी दोन वाजता मासेमारांच्या हॉलमध्ये जेवण मांडलं. उजवीकडे किनारा बसला, डावीकडे खोरं. मध्ये नाचासाठी मोकळी फळ्यांची जमीन. कुणी ठरवलं नव्हतं. तेल आणि पाणी कुणी ठरवून वेगळं करत नाही.

डावीकडे नवऱ्या मुलाचा काका बसला होता. हेक्टर, शिकारीच्या जंगलाचा रखवालदार. नऊ वर्षांपूर्वी मेंढ्यांच्या बाजारात अलिकने त्याचा जबडा मोडला होता, तो वाकडा जुळला. तेव्हापासून हेक्टर डाव्या दातांनी चावायचा आणि प्रत्येक घासाला अलिकची आठवण काढायचा. नऊ वर्षांचे घास. त्याने आजोबांचा किल्ट घातला होता, आणि तो त्याच्या अंगावर कातडीसारखा बसला होता.

सूप झालं, मटण झालं. अलिक वधूपित्याचे दोन शब्द बोलायला मधल्या फळ्यांवर उभा राहिला. “मला बोलता येत नाही,” एवढं तो म्हणाला, आणि हेक्टर पलीकडून उठला.

“तुझे पाय सुंदर आहेत रे, वळू. एवढे गोरे पाय मी फक्त खाटकाकडे पाहिलेत, उलटे टांगलेले.”

डावी बाजू हसली. अलिकने मुलीकडे पाहिलं. मोरव्हेनने मान हलवली, एवढीशी.

“बस, हेक्टर,” अलिक म्हणाला.

“बसतो की. आमच्या खोऱ्यात वधूपित्याला भेट द्यायची रीत आहे. मी तुझ्यासाठी एक आणलीय.” हेक्टर चालत मध्ये आला आणि सावकाश, एकेक अक्षर मोजून म्हणाला, “डुक्कर. चांगलं पोसलेलं डुक्कर.”

उजवीकडे खुर्च्या करकरल्या. किनाऱ्यावर हा शब्द कुणी उच्चारत नाही. होडीत उच्चारला तर होडी परत फिरवतात. लग्नात उच्चारला तर काय होतं हे पाहायला कुणी थांबलेलं नाही. त्यावर उतारा एकच, लगेच गार लोखंडाला हात लावायचा. साठ माणसांनी टेबलाचे पाय, खुर्चीचे खिळे, खिशातल्या किल्ल्या पकडल्या. पाद्र्याने सुद्धा काटा धरला. मोकळ्या फळ्यांवर उभा होता फक्त अलिक, आणि त्याच्या अंगावर लोखंड एकाच जागी होतं. हो, पिन होती, पण पिन पितळेची.

तो वाकला आणि त्याने मोज्यातल्या सुरीचं पातं बोटभर वर ओढून अंगठा टेकवला.

“बघा,” हेक्टर ओरडला, “सुरी काढतोय. सगळ्यांनी बघा.” आणि वाकलेल्या माणसाच्या कानशिलावर त्याने नऊ वर्षं जपलेला ठोसा मारला.

ठोसा चांगला होता. अलिकसारख्या जाणकाराने मनात दाद दिली. दुसरा ओठावर बसला, दात ओठाच्या आरपार गेला. तिसरा बरगडीवर. अलिकने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि चुण्यांत मुठी रुतवल्या. आठ वार कापडाचा हा एक उपयोग त्याला नव्यानेच कळला. चौथ्याला डोळ्यावरची कातडी फाटली. उजवीकडून कुणीतरी म्हणालं, “अरे मार की त्याला,” जसं कुणी म्हणावं, पाऊस येतोय, कपडे काढ. पाचव्याला तो गुडघ्यांवर आला. नवरा मुलगा रुअरी काकाला धरायला धावला; हेक्टरने त्याला कोपराने हनुवटीवर हाणलं आणि तो टेबलाखाली गेला.

हेक्टरने अलिकचे केस धरून मान मागे ओढली. “हात कुठे गेले रे? मेंढ्यांच्या बाजारात तर चार होते.” मग त्याची नजर मोज्याकडे गेली आणि त्याला मौज सुचली. भाड्याच्या जोडीतली सुरी प्लास्टिकची असते हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मघाशी आरडाओरडा करतानाही त्याला ते माहीत होतं. त्याने लोकांकडे तोंड केलं, न बघताच ती उपसली आणि म्हणाला, “मासा कसा चिरतात, शिकून घ्या.” किल्टचा काठ वर सारून त्याने उघड्या मांडीवर सुरी टेकवली आणि ओढली.

मांडी पिशवीसारखी उघडली. आधी पांढरं दिसलं, मग रक्त आलं ते एकदम, गुडघ्यावरून मोज्यात आणि फळ्यांवर. हेक्टर सुरीकडे बघत राहिला. सुरी हातातून गळून पडली.

ती उचलली मोरव्हेनने.

तिचं तोंड टोकाच्या केकच्या टेबलाकडे, पाठ बसलेल्या सगळ्यांकडे होती आणि झग्याचा घेर एवढा, की मागून फक्त पांढरं दिसत होतं. पण अलिक खाली होता, आणि खालून त्याला सगळं दिसलं. तिने दोन हंगाम मासे चिरले होते. सुरी तिच्या मुठीत बसली होती तशी, जशी त्यानेच शिकवली होती; पातं वर, अंगठा त्याच्या बोथट कडेवर, मनगट सैल. आणि तिचा चेहरा. तो चेहरा त्याने आरशात एकतीसदा पाहिला होता. ती हेक्टरच्या बेंबीखाली बघत होती, मासा चिरायला जिथून सुरुवात करतात तिथे. हेक्टर अजून फळ्यांवरच्या रक्ताकडे पाहत होता.

अलिक उठला. दोन्ही पदरांतल्या पिनने गुडघे बांधले होते. तो तसाच झेपावला आणि कापड पिनपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटलं. उजवा हात चुण्यांतून सुटला आणि हेक्टरच्या जबड्यावर बसला, नेमका जुन्या सांध्यावर. हेक्टर दोन हात लांब, केकच्या टेबलाखाली जाऊन पडला. जिथे त्याचं पोट होतं तिथून सुरी गेली, हवा कापत, आणि अलिकच्या डाव्या बाहीत शिरली. त्याने मुलीला छातीशी घट्ट दाबलं. लोकांना वाटलं, मिठी.

“सोड,” तो तिच्या कानात म्हणाला. “मूठ सोड, पोरी.”

तिने सोडली. त्याने सुरी बाहीवर पुसली आणि वाकून मोज्यात घातली.

“झालं,” रुअरीची आई डावीकडून स्वच्छ आवाजात म्हणाली. “केक कापेपर्यंत तरी दम धरेल म्हटलं होतं मी.”

उजवीकडेही माना हलल्या. बत्तीस. मोरव्हेनने वळून तोंड उघडलं, तेव्हा अलिकने तिचं मनगट दाबलं, हाड दुखेल इतकं.

“केक कापून घ्या,” तो सगळ्यांना म्हणाला. “माझं आवरलं.”

खोऱ्यातल्या पाहुण्यांत एक गुरांची डॉक्टरीण होती. तिने हॉलच्या स्वयंपाकघरात त्याची मांडी शिवली, चौदा टाके, गाईला घालतात तशा दोऱ्याने. बाहेर दोघेजण हेक्टरला दवाखान्यात न्यायला गाडी काढत होते.

“त्याचा जबडा पुन्हा तुम्हीच मोडलात?”

“मीच.”

“आणि हे बाहीवरचं?”

“माझ्याच सुरीने लागलं. बाईसाहेब, टाके मोजून घाला, दंडाला तीन पुरतील.”

दारात मोरव्हेन उभी होती. झग्याच्या पुढच्या घेरावर रक्ताचा हात उमटलेला, बूट काढून हातात घेतलेले. डॉक्टरीण गेल्यावर ती आत आली. बाहेर बॅगपाइपवाल्याने वाद्याची पिशवी फुगवली आणि कुणीतरी पहिल्या नाचासाठी तिचं नाव घेतलं.

“वचन मोडलंस,” ती म्हणाली.

“मोडलं.”

“मी सांगते त्यांना.”

“काय सांगशील? बत्तिसावा माझ्या नावावर आहे. तिथे आणखी एकाला जागा असतेच. तुझ्याकडे एकही नाहीये, तसंच राहू दे.”

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. उजव्या मुठीची कातडी सोलली होती, आणि खवले अजून नखांत होते, लग्नासाठी तीनदा घासूनही. मग ती त्याच्यासमोर फरशीवर बसली, फाटक्या पदरातून लोंबणारी पिन काढली, कापड ओढून सारखं केलं आणि पिन पुन्हा लावली.

“ही फक्त वरच्या पदराला लावायची असते, बाबा. खालच्यात घातली की चालता येत नाही.”

“कुणी सांगितलंच नाही.”

“विचारायचं.” तिने पिनचं टोक बंद केलं आणि ते नीट बसलंय का हे अंगठ्याने चाचपलं. “ऑक्टोबरमध्ये येशील तेव्हा हात धुऊन ये. साबण लावून. दोनदा.”

ती उठली आणि नाचायला गेली. अलिक तिच्या मागून, लंगडत, पण पाऊल पूर्ण टाकत बाहेर आला आणि उजवीकडच्या भिंतीला टेकून उभा राहिला. शेजारच्या म्हाताऱ्याने खुर्ची सरकवली आणि विचारलं, “काय वळू, एकच मारलास? म्हातारा झालास.”

“हो,” अलिक म्हणाला, आणि खुर्चीच्या लोखंडी पायाला हात लावून बसला.