गाडीतली निळी पेटी

सासूबाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच दगा दिला होता. कानांनी कमी ऐकू यायचं, आणि चष्मा डोळ्यांवर असताना त्या तो घरभर शोधायच्या. पण रविवारी सकाळी मुलाच्या व्हॅनमधली निळी पत्र्याची पेटी वर आणवून ओट्याशी ठेववून घेतल्याशिवाय त्या चहाला तोंड लावायच्या नाहीत. पेटीत पाण्याची बाटली, टॉर्च, सेल, ब्लँकेट, दोर, शिट्टी, जखमेवर बांधायची पट्टी, काच फोडायची हातोडी आणि बिस्किटांचा एक पुडा असायचा. सगळ्यांना बाहेर पिटाळून सासूबाई दार लोटून घ्यायच्या आणि थोड्या वेळाने भरलेली पेटी मुलाच्या हाती द्यायच्या. "डिकीत ठेव," म्हणायच्या, "आणि पेटीशिवाय गाडी हलवायची नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की घरातल्या भिंतींनाही ते पाठ झालं असावं.

मुलगा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानातल्या तराजूपासून गोदामातल्या भल्यामोठ्या काट्यापर्यंत काहीही बिघडलं की त्याला बोलावणं यायचं, म्हणून बाजारात सगळे त्याला काटेवालाच म्हणत. त्याची बायको दातांच्या दवाखान्यात फोनवर नंबर लावून द्यायची. फोनवरचा तिचा तो गोड, घडीबंद आवाज ऐकून त्याने तिचं नाव मॅडम ठेवलं होतं. घरात भांडण झालं तरी तो "बरं मॅडम" म्हणायचा, आणि भांडणाची हवाच निघून जायची.

पेटीचं हे खूळ सुनेला पटायचं नाही, पण ती बोलायची नाही. कारण तिचे सासरे दुधाचा टँकर चालवायचे, आणि मुलगा अगदी लहान असताना एका धुक्याच्या दिवशी ते घाटात शिरले ते पलीकडे उतरलेच नाहीत. माणूस तर नाहीच, पण एवढा मोठा टँकरही कोणाला दिसला नाही. अशा बाईने गाडीत पेटी भरून ठेवली, तर तिला वेडी कोण म्हणणार? सून म्हणायची, पण मनातल्या मनात.

त्या गुरुवारी घाटापलीकडच्या गोदामातला मोठा काटा तपासायचा होता. त्यासाठी लागणारी लोखंडी वजनं चढवता चढवता व्हॅन गळ्यापर्यंत भरली.

"ही पेटी आता कुठे ठेवू? मांडीवर घेऊन बसू?" काटेवाला म्हणाला. तो बिस्किटं खात होता. पुडा संपल्यावर त्याने कागद पिळला आणि त्याची गाठ मारली. हाती येईल त्या कागदाची गाठ मारायची, ही त्याची सवयच. सून झाडू मारताना रोज त्या गाठी गोळा करायची आणि रोज त्याच्या नावाने ओरडायची.

"आण इकडे," ती म्हणाली. "एका दिवसात काय आभाळ कोसळतंय? पण आईंना बोलू नकोस."

"तुमचं तोंड बंद राहिलं म्हणजे मिळवली, मॅडम."

तो गेला. तिने पेटी मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे सरकवली, वर जुनी चादर टाकली, आणि दवाखान्यात जाऊन दिवसभर लोकांच्या दाढा ऐकत बसली.

दिवस मावळायला ती घरी आली, तर त्याचा फोन लागेना. गोदामवाले म्हणाले, तो दुपारीच निघाला. पोलीस चौकीतून कळलं की घाटात दरड आली आहे, धुकं इतकं आहे की स्वतःचा हात दिसत नाही, शोध आता सकाळीच. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पेटी आहे ना गाडीत?"

"आहे," सून म्हणाली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती तिथून उठून मागच्या गॅलरीत गेली.

पेटी कशाला उघडली, ते तिला सांगता आलं नसतं. झाकण उघडलं आणि तिने टॉर्च हातात घेतला. तो गरम होता. बंद होता, पण आत्ता कोणीतरी विझवल्यासारखा गरम. बाटली निम्म्यावर आली होती. ब्लँकेट ओलं होतं आणि त्याला ओल्या मातीचा आणि पेट्रोलचा वास येत होता. पट्टीचं बंडल सुटलं होतं, टोकाला रक्त होतं. आणि तळाशी बिस्किटाचा कागद होता. पिळलेला, गाठ मारलेला.

घरात दोघीच होत्या, आणि सासूबाई कोणाचा हात धरल्याशिवाय गॅलरीचा उंबरठा ओलांडू शकत नव्हत्या. निदान तिची तशी समजूत होती. मान वर केली तर सासूबाई काठी टेकत दारातच उभ्या होत्या. आता कसं तोंड दाखवायचं, असं तिला झालं. पण त्या रागावल्या नाहीत.

"पाणी किती उरलंय?" त्यांनी विचारलं.

"आई, हे काय आहे?"

"आधी भर. मग विचार."

तिने भरलं. निम्मं पाणी फरशीवर सांडलं. नवे सेल, नवी पट्टी, कोरडं ब्लँकेट, बिस्किटं. झाकण लागल्यावर सासूबाई मोडक्या स्टुलावर टेकल्या.

"तुला काय वाटायचं, मी दर रविवारी शिळं पाणी ओतून टाकते? एक थेंब कधी ओतला नाही गं. बाटली रिकामीच असते. ही पेटी यांची, टँकरमधली. त्या दिवशी मीच बाहेर काढली होती, घासायला. उन्हात वाळत ठेवली आणि हे तसेच निघून गेले. पुढच्या रविवारी उघडली, तर पाणी संपलेलं. पहिल्या वर्षी वाटलं, जिवंत आहेत. मग भीती वाटायला लागली. मग ते एक कामच होऊन बसलं. स्वयंपाक करावा, तशी पेटी भरायची."

"पण हे त्याचं आहे. ही गाठ बघा."

सासूबाईंनी कागद चष्म्याजवळ नेला. "हो. यांचा असा नसतो. हे पुडा उभा फाडतात, कागद मांडीवर ठेवून तळव्याने सपाट करतात. अजूनही." त्यांनी कागद सुनेच्या हातात परत दिला. "म्हणजे पोरगा आहे. यांच्याजवळच आहे."

सुनेला एकाच वेळी आनंदही झाला आणि भीतीही वाटली. तो आहे! कुठे, कोणाजवळ, ते नंतर बघू. "मी फोन ठेवते आत," ती म्हणाली.

"सगळं करून झालंय माझं. फोटो ठेवले, घड्याळ ठेवलं. ते जागचं हलत नाही. अडकलेल्या माणसाला जगायला लागतं तेवढंच जातं."

मग सुनेला ताडपत्री आठवली. खाली स्कूटरवर घालायची, भडक केशरी. ती धावत जाऊन घेऊन आली आणि घडी करून, बळेबळेच कोंबून आत बसवली. उजाडायच्या बेताला सासूबाई कपाटाशी काहीतरी शोधताना दिसल्या. त्यांनी सासऱ्यांचा तपकिरी स्वेटर काढला, कोपराला ठिगळ लावलेला, आणि तो पेटीत ठेवला.

"गारठला असेल," त्या म्हणाल्या.

कोण, असं सुनेच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने विचारलं नाही.

सकाळी पेटी उघडली, तर ताडपत्री नव्हती आणि स्वेटरही नव्हता. दुपारी चौकीतून फोन आला. धुकं जरा फाटलं आणि दरीत काहीतरी केशरी दिसलं म्हणून माणसं खाली उतरली. व्हॅन चेपली आहे, पण माणूस जिवंत आहे. पाय मोडलाय, डोक्याला मार लागलाय. सून फोन हातात धरून ओक्साबोक्शी रडली. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी आरशासमोर जाऊन केस नीट केले आणि म्हणाल्या, "चल."

हॉस्पिटलमध्ये तो स्वेटर घालून पडला होता. नर्स म्हणाली, काढू देत नाहीत हो, कापायला गेले तर हात धरला. सून कॉटशी गेली, तर त्याने तिच्याकडे बघितलं, पाहुण्याकडे बघून हसावं तसं हसला आणि खुर्ची दाखवत म्हणाला, "तुम्ही बसा ना."

डॉक्टर म्हणाले, डोक्याचा मार आहे, चार दिवस असं चालेल. सुनेला काहीही चाललं असतं. तो होता, श्वास घेत होता, आणखी काय हवं? शनिवारी ती घरी कपडे घ्यायला आली, तेव्हा आधी गॅलरीत गेली. केशरी ताडपत्री चिखलाने माखून पेटीत परत आली होती. स्वेटर अर्थातच नव्हता. तिने पेटी पुसली आणि पुन्हा नीट भरली. गरज काही नव्हती, पण ज्या पेटीने नवरा परत दिला ती रिकामी ठेवणं तिच्या जिवावर आलं. हॉस्पिटलच्या कँटीनमधून घेतलेला बिस्किटांचा हिरवा पुडाही तिने आत टाकला. तसला पुडा घरात याआधी कधी आला नव्हता.

संध्याकाळी तो जरा बोलू लागला. "अंधारात पेटीत हात घातला की कधीकधी दुसरा हात लागायचा," तो म्हणाला.

"कोणाचा?"

"पोरगा होता कोणीतरी. जखमी होता, पण सारखं पाणी माझ्याकडे सरकवायचा. आधी तुम्ही प्या म्हणायचा." त्याने डोळे मिटले. "भला होता बिचारा."

तापात माणूस काहीही बोलतो, असं सुनेने स्वतःला बजावलं. सासूबाई त्याच्या स्वेटरच्या बाहीवरून हात फिरवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी त्याला घरी आणलं. उशाशी बिस्किटं ठेवून सून चादर नीट करत होती. त्याने पुडा उचलला आणि उभा फाडला. बिस्किटं खाल्ली, कागद मांडीवर ठेवला आणि तळव्याने सपाट केला. एकदा, पुन्हा एकदा. एकही सुरकुती राहू नये, अशा बेताने.

सुनेच्या हातातली चादर तशीच राहिली. मग ती गॅलरीत गेली. काय दिसणार ते तिला ठाऊक होतं. वॉशिंग मशीनच्या मागून पेटी ओढली आणि झाकण उघडलं. बाटली रिकामी. टॉर्च गरम. पट्टी संपलेली. आणि ब्लँकेटच्या घडीत हिरव्या कागदाची एक घट्ट गाठ.

तो अजून तिथेच होता. तिचा माणूस दरीत होता, थंडीत होता, आणि ती दोन दिवस त्याचा चेहरा घेऊन आलेल्या भलत्याच माणसाच्या उशाशी बसून देवाचे आभार मानत होती.

मागे काठीचा आवाज झाला.

"स्वेटर कोणासाठी ठेवला होता, आई?" सून वळली नाही. "खरं सांगा."

सासूबाईंनी काठी भिंतीला टेकवली. "दोघंही माझेच ना गं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, एखादी भाजी कशी करायची ते सांगावं तशा म्हणाल्या, "पाणी मात्र उकळून गार करून भरत जा. त्याचं पोट लहानपणापासून नाजूक आहे."

तिला त्यांचा गळा धरावासा वाटला. तेवढ्यात आतून हाक आली. आवाज तिच्या नवऱ्याचाच होता, पण त्याने अशी हाक कधीच मारली नव्हती. "अगं ए, चहा होतोय का?"

"आलेच हो!" सासूबाई म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या. काठी भिंतीला तशीच टेकलेली राहिली.

सुनेने गाठ उचलून मुठीत घट्ट धरली. तिने पाणी उकळत ठेवलं. कपाटातून त्याचा निळा स्वेटर काढला, मशीनच्या तेलाचा वास येणारा, आणि पेटीच्या तळाशी घडी करून ठेवला. त्यावर ताडपत्री, पट्टी, सेल, बिस्किटं. पाणी निवेपर्यंत ती पेटीशेजारी फरशीवर बसून राहिली. बाटली भरून ठेवताना तिने झाकणात तोंड घातलं आणि हळूच म्हणाली, "सगळं दुसऱ्याला देऊन बसू नकोस रे. मॅडम सांगतायत."

मग तिने झाकण लावलं. आता ती रविवारची वाट बघणार नव्हती. पेटी रोज भरायची होती.