मंद्रूपला न पोचलेली साडी

लुबाडणारा परका असला की दोन शिव्या घालून मोकळं होता येतं. आपलंच माणूस निघालं तर शिवी घशातच अडकते. बुद्धप्रियाची नेमकी तीच गत झाली.

सोलापुरात दोन खोल्यांच्या घरात बसून ती लग्नाच्या पांढऱ्या साड्यांवर निळी कमळं भरायची आणि ॲपवर विकायची. बौद्ध लग्नात नवरीला पांढरी साडी लागते, त्यामुळं मागणी बरी होती. वस्तीतल्या त्रिंबकमामांनी भाचीच्या लग्नासाठी एक साडी पसंत केली, तेव्हा ती म्हणाली, "मामा, अशीच घेऊन जा की."

"छे गं! ॲपवरनंच मागवतो. वर चांगला शेरा लिहितो. तुझ्या दुकानाचं नाव होऊ दे."

केवढा हरखला तिचा जीव! मामा म्हणजे वस्तीतली लग्नं लावणारे. दर रविवारी विहारात पोरांना पंचशील शिकवणारे. तिलाही त्यांनीच शिकवलेलं.

कुरियरवाला मायाप्पा पार्सल घेऊन मंद्रूपला मामांच्या बहिणीच्या दारात पोचला आणि तिथनंच त्यानं फोन केला. "ताई, मामा हायत हितं, पण ओटीपी सांगंनात. मोबाईल सोलापुरात राहिला म्हणत्यात."

ओटीपीशिवाय पार्सल सोडायचं नसतं, हे तिला पाठ होतं. तरी ती म्हणाली, "अहो, आपले मामा आहेत ते! द्या त्यांच्या हातात."

चार दिवसांनी मामांचा फोन. "पोरी, साडी काही पोचली नाही गं. तो कुरियरवाला थापा मारतोय. मी त्या दिवशी मंद्रूपला गेलोच नव्हतो." मामांनी ॲपवर तक्रार केली. ॲपच्या कंपनीनं त्यांना पैसे परत दिले आणि ते बुद्धप्रियाच्या खात्यातून कापून घेतले. तेही एक वेळ सोसलं असतं. पण या बाईनं काय करावं? मामांचा शब्द प्रमाण मानून मायाप्पाविरुद्ध स्वतःच्या हातानं लेखी तक्रार दिली! कुरियर एजन्सीनं त्याला घरी बसवलं. सोमवारपर्यंत साडी सापडली नाही, तर नोकरी कायमची जाणार होती.

मायाप्पा तिच्या दारी आला. पन्नाशीचा माणूस, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"ताई, तुमीच बोललात, द्या हातात म्हणून. म्या दिली. आता तुमीच चोर म्हणताय व्हय?"

"मामा खोटं बोलणार नाहीत," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

लग्नाला जमणार नाही असं तिनं कळवून टाकलं होतं. पण आपली साडी त्या पोरीला मिळाली नाही, ही रुखरुख काही जाईना. शेवटी रविवारी आहेराला एक शाल घेऊन ती मंद्रूपच्या एसटीत बसली. मांडवात शिरली आणि बघते तर काय!

नवरीच्या अंगावर तिचीच साडी होती. बावीस दिवस डोळे फोडून भरलेली कमळं. न ओळखायला ती काय आंधळी होती? आणि माईकवर मामा! पांढराशुभ्र सदरा, हात जोडलेले. ते पंचशील म्हणत होते आणि सगळा मांडव त्यांच्या मागनं म्हणत होता. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही. कुठं अडखळणं नाही की काही नाही. बुद्धप्रियाचे ओठ हललेच नाहीत.

फुलं पडली, हार घालून झाले, तेवढ्यात मामांची नजर तिच्यावर गेली. चेहरा उतरला खरा, पण माणूस मुरलेला. माईक ओढून म्हणाले, "मंडळी, वधूच्या अंगावरची ही देखणी साडी आमच्या बुद्धप्रियाताईंचा आहेर बरं का! स्वतःच्या हातानं भरलीय."

टाळ्या पडल्या. नवरी सोनाली येऊन तिच्या पायाच पडली. "जय भीम, ताई! मामा म्हणाले, तुमी येणार न्हाय. लई आवडली साडी. आई तर बघून रडलीच."

पोरीला बिचारीला काय माहीत? तिला उठवून जवळ घेतलं आणि बुद्धप्रिया तडक मामांपाशी गेली.

"मामा, साडी मिळाली असं दोन ओळी लिहून द्या."

"हळू बोल. अगं, कंपनीनं दिले पैसे. एवढी मोठी कंपनी, तुझं काय गेलं?"

"कंपनीनं माझ्याच खात्यातून कापलेत."

"असं होय? मग घे की, आत्ता देतो." मामांचा हात खिशात गेला.

"पैसे नकोत. मायाप्पाची नोकरी उद्या जाणार आहे. लिहून द्या."

"चार माणसांत माझं नाव घालवतेस? त्याला लागेल की दुसरीकडं. जाऊ दे ना, पोरी."

पोरी म्हणे! केसानं गळा कापायचा आणि वर पोरी म्हणायचं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या मांडवाला ओरडून सांगावं, असं वाटलं. पण समोर सोनाली उभी होती. लग्नातच तिच्या अंगावरची साडी चोरीची ठरली असती. बुद्धप्रियानं मामांच्या हातातनं माईक घेतला आणि व्हिडिओवाल्याकडं तोंड केलं.

"सोनाली, सुखी राहा. साडी मी भरली, पण हा मान एकटीचा नाही. कुरियरवाले मायाप्पा ही साडी या घरी घेऊन आले आणि त्यांनी ती त्रिंबकमामांच्या हातात दिली. बरोबर ना, मामा?"

तिनं माईक त्यांच्या तोंडापुढं धरला. सगळा मांडव बघत होता. मामा हसले.

"अगदी बरोबर. माझ्याच हातात दिली. भला माणूस!"

पुन्हा टाळ्या. सगळ्यांत जोरात मामांच्याच.

तेवढा व्हिडिओ तिनं तिथंच मागून घेतला आणि एजन्सीला पाठवला. मायाप्पाची नोकरी वाचणार होती. पण परतीच्या एसटीत तिला रडू आवरेना. मामा खोटं बोलले तेव्हा त्यांचा आवाज जसा होता, तसाच आज खरं बोलतानाही होता. मग इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेल्यातलं खरं कोणतं, हे आता कुणाला विचारायचं?