फोटोत न दिसलेला मसूर

"साहेब, मघापासून खाली वाकून काय शोधताय? काही पडलं का?"

अबू रास्मीने हे गंभीर चेहऱ्याने विचारलं, पण मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला हसू आलं आणि तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं.

नाफ्ताली कमरेला हात देऊन सरळ झाला. "धसकटं शोधतोय," तो म्हणाला. "या पट्टीत यंदा पीक होतं म्हणता. पीक कापलं की धसकटं राहतात. इथे एक नाही."

"कशाची राहणार? मसूर होता."

"मसुराची."

तीस वर्षं तेल अवीवच्या इमारतींत फरशा बसवून अबू रास्मीची हिब्रू पक्की झाली होती. तरी त्याने क्षणभर नाफ्तालीकडे असं पाहिलं, जणू समोरचा माणूस थट्टा करतोय. मग तो बायकोशी अरबीत काहीतरी बोलला. ती बांधाच्या कडेला गेली, दगडांच्या फटीत राहून गेलेलं वीतभर उंचीचं एक वाळकं रोप तिने दोन बोटांत धरलं आणि उपटलं. मुळांची माती झटकून ते तिने नाफ्तालीपुढे धरलं.

"मसूर कुणी कापत नाही साहेब," अबू रास्मी म्हणाला. "एवढंसं झाड, त्यात हे दगड. विळा लावायचा कुठे? आणि ऊन चढल्यावर हात लावला तर शेंगा तडकून दाणे खाली. पहाटे दंव असताना बायका बसून उपटतात. मुळासकट. दाणे आपल्याला, बाकीचं सगळं बकऱ्यांना. मागे काय उरतं? हे. माती."

नाफ्तालीने पायाखाली पाहिलं. माती आणि दगड. त्याने टेबलाशी बसून पाहिलेल्या तिन्ही फोटोंत हेच होतं.

खाली रस्त्यावर लष्कराच्या जीपला टेकून सरकारी वकील एव्यातार फोनवर बोलत होता. त्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवलं.

दैर सम्हा गावाच्या खालचा हा उतार सरकारने आपला म्हणून जाहीर केला होता. तुर्कांच्या काळापासूनचा कायदा असा, की काही वर्षं न कसलेली जमीन सरकारजमा होते. ती कसलेली नाही हे सांगणारा कागद नाफ्तालीच्या सहीचा होता. सव्वीस वर्षं तो हेच करत आला. विमानातून काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवायचे, दोन भिंगांच्या चौकटीतून बघायचं, म्हणजे डोंगर टेबलावरून वर उठतो. बांध दिसतात, झाडांच्या सावल्या दिसतात, नांगराची रेघ दिसते. मग लिहायचं: कसलेली, अर्धी कसलेली, पडीक. फोटो उन्हाळ्यात काढत, कारण तेव्हा आकाश स्वच्छ असतं. या उताराच्या तीन उन्हाळ्यांच्या फोटोंवर त्याने तीन वेळा "पडीक" लिहिलं होतं.

तो वाढला यिझ्रएलच्या खोऱ्यातल्या किबुत्झात, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत. तिथे नजर पोचेल तिथवर गहू असे, आणि यंत्र फिरून गेल्यावर महिना-महिना पिवळी धसकटं उभी असत. शेत म्हणजे ते, एवढंच त्याला माहीत होतं.

"झालं ना?" जीपमध्ये बसताना एव्यातारने विचारलं. "काय म्हणत होता म्हातारा?"

"मसूर उपटतात म्हणतो."

"सगळे काही ना काही म्हणतात."

शुक्रवारी नाफ्ताली सासूकडे गेला. बायको, त्सिला, फेब्रुवारीत वारली, तरी त्याने शुक्रवार मोडला नव्हता. अस्मर एक्क्याण्णव वर्षांची होती. कुर्दिस्तानच्या डोंगरातून इतर ज्यूंबरोबर आली तेव्हा अठराची होती. यरुशलेमच्या त्या दोन खोल्यांत तिने लेकीचा फोटो अजून भिंतीवर लावला नव्हता. कपाटात, टॉवेलांच्या खाली ठेवला होता.

तिने त्याच्यापुढे सूप ठेवलं. "खा. वाळलायस."

"आई, तुमच्या गावाकडे मसूर लावायचे?"

"लावायचे म्हणजे? सगळा हिवाळा त्याच्यावर काढायचा."

"काढायचे कसे?"

"कसे म्हणजे?"

"विळ्यानं?"

अस्मर मोठ्याने हसली. त्सिला गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असेल. "यंत्रवाल्यांचा पोरगा तू! मसूर कोणी विळ्यानं कापतं का रे? उपटायचा. पहाटे. माझ्या आईच्या पाठीला बांधलेली असताना मी पाहिलंय. बोटं सोलून निघायची. त्सिलाला विचारलं असतंस तर तिनंही सांगितलं असतं, हजार वेळा ऐकलंय तिनं माझ्याकडून."

नाफ्तालीने चमचा खाली ठेवला.

त्सिला रोज विचारायची, आज काय केलंस? तो म्हणायचा, फोटो पाहिले. कसले? डोंगराचे. मग ती दुसरं काही बोलायची. सव्वीस वर्षं.

त्याने सासूला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मध्येच उठून तिने उगीच शेगडी पुसली.

"आमच्याही शेताचं असंच," ती म्हणाली. "आम्ही निघालो तेव्हा कुणी फोटोसुद्धा काढला नाही. आगा, तिथला जमीनदार, आला, म्हणाला आता हे माझं. बापाच्या हातातून चावी घेतली. तेव्हा कुणाला दया आली? तुझ्या या अरबांना आली?"

"ते वेगळे लोक, आई."

"सगळे वेगळेच असतात." ती बसली. "तुझी नोकरी किती राहिली?"

"तीन महिने."

"मग गप्प बस. पेन्शन घे, घरी बस." थोड्या वेळाने तिने त्याच्या ताटात भाकरीचा तुकडा ठेवला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पण मसूर उपटतातच. मला कुणी विचारलं तर मी काही कापतात म्हणून सांगणार नाही."

अबू रास्मीने केलेल्या अपिलाची सुनावणी जुलैत, समितीपुढे, लष्करी छावणीतल्या पत्र्याच्या खोलीत होती. बाहेर बाकावर अबू रास्मी आणि त्याची बायको सकाळी सहापासून बसून होते. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता.

एव्यातार नाफ्तालीला पाण्याच्या यंत्राजवळ घेऊन गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्सिलाच्या दफनाला आला होता, सात दिवसांच्या सुतकातही दोनदा येऊन गेला होता.

"नाफ्ताली, फोटोत दिसतं तेवढंच सांगा. पुढचं समिती बघेल. तुमची अवस्था सगळ्यांना माहिती आहे. तुमच्याकडून कुणाची जास्त अपेक्षा नाही."

"फोटोत दिसतं तेवढंच," नाफ्ताली म्हणाला.

आत एव्यातारने विचारलं, तीन फोटोंत लागवडीची खूण आहे का? नाही. नाफ्तालीने दिलेलं उत्तर खरं होतं. एव्यातार बसला.

अबू रास्मीची वकील राघदा उभी राहिली. तरुण होती, फायली छातीशी धरून बोलायची.

"खूण म्हणून तुम्ही काय शोधता?"

"नांगराची रेघ. धसकटं."

"नांगर नोव्हेंबरात फिरतो. जुलैत रेघ दिसेल?"

"नाही. पाऊस पडून जातो."

"आणि पीक मुळासकट उपटलं असेल तर?"

खोलीतला पंखा खडखडत होता. नाफ्तालीला सहज म्हणता आलं असतं की हा शेतीचा प्रश्न आहे, माझा विषय फोटो. वाक्य तोंडात तयार होतं. असं वाक्य त्याने पूर्वी कितीदा वापरलं होतं.

"तर काहीच दिसणार नाही," तो म्हणाला. "मला ते माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. कसलेल्या जमिनीवर मी पडीक लिहिलं."

अध्यक्ष चष्म्यावरून पाहत म्हणाले, "साक्षीदारानं नीट विचार करून बोलावं. फोटो वाचण्याची ही पद्धत तुम्ही फक्त याच प्रकरणात वापरली?"

एव्यातार अर्धा उठला. "महाशय, समितीपुढे हे एकच प्रकरण आहे—"

"सगळ्यांत," नाफ्ताली म्हणाला. "दोनशेच्या वर असतील. डोंगरातली सगळी."

टंकलेखन करणारी सैनिक मुलगी थांबली. हे लिहायचं का, म्हणून तिने अध्यक्षांकडे पाहिलं.

मागच्या बाकावर अबू रास्मी हे सगळं बायकोला हळूच अरबीत सांगत होता. बाहेर आल्यावर तिने नाफ्तालीकडे नीट बघून मान हलवली. तेवढ्याने त्याला त्या रात्री झोप लागली.

निकाल नोव्हेंबरात आला. तोवर तो निवृत्त झाला होता. एव्यातारने घरी प्रत पाठवली. नाफ्तालीने ती स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचली.

साक्षीदाराची लेखी मतं दीर्घ अनुभवातून आणि शांत चित्ताने दिलेली आहेत, असं समितीने म्हटलं होतं. त्याची तोंडी साक्ष पत्नीच्या निधनानंतर थोड्याच महिन्यांत, मोठ्या मानसिक ताणाखाली झालेली आहे. समितीला त्याच्याविषयी सहानुभूती आहे. परंतु दोहोंत विसंगती असताना लेखी मतच ग्राह्य धरणं भाग आहे. अपील फेटाळण्यात येत आहे.

त्याने एव्यातारला फोन केला.

"माझं दुःख तू समितीपुढे नेलंस," तो म्हणाला.

"तुमच्यासाठीच नेलं," एव्यातार म्हणाला. "दोनशे फायलींत चुकीची सही केली असं कागदावर राहिलं असतं, तर चौकशी लागली असती. पेन्शन अडकली असती. आता काही लागत नाही. झालं ते विसरा, नाफ्ताली. थोडं फिरून या कुठेतरी."

"मला चौकशी हवी होती."

"आज तसं वाटतंय," एव्यातार हळूच म्हणाला. "एवढं मनाला लावून घेऊ नका."

पुढच्या आठवड्यात नाफ्ताली बसने फाट्यापर्यंत गेला आणि तिथून दैर सम्हाला चालत. दुकानाबाहेर बसलेले लोक बोलायचे थांबले. एकाने मागून विचारलं, "कुणाकडे?" त्याने नाव सांगितलं. कुणी वाट दाखवली नाही, कुणी अडवलंही नाही.

अबू रास्मी ओसरीवर होता. उताराच्या वरच्या अंगाला नवे लोखंडी खांब उभे होते आणि त्यांच्यामधून तार गेली होती. त्याने ओढून दिलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नाफ्ताली बसला. बायको बाहेर आली नाही. एका लहान मुलीने कॉफीचा छोटा कप आणून मधल्या स्टुलावर ठेवला आणि आत पळाली.

"निकाल वाचला?" नाफ्तालीने विचारलं.

"वकिलीणबाईंनी वाचून दाखवला. तुमची बायको गेली, ते त्यातनं कळलं. ईश्वर तिला शांती देवो."

"तुम्हाला वाटलं असेल मी वेडा झालो म्हणून खरं बोललो."

"मला काय वाटतं ते कोण विचारतंय?" अबू रास्मीने बोटांनी गुडघा चोळला. "तुम्ही खरं बोललात. मी ऐकलं. माझ्या बायकोनं ऐकलं. पण तुमची सही तुमच्यापेक्षा धट्टीकट्टी निघाली, साहेब."

नाफ्तालीने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्या दुसऱ्या दोनशे लोकांकडेही जाणार?"

"नावं आठवतील त्यांच्याकडे. राघदाबाईंना यादी करून देणार आहे. आतापर्यंत एकतीस गावं आठवली."

"म्हणजे रोज एका घरी कॉफी." अबू रास्मी हसला, पण ते हसू टिकलं नाही. त्याने कपाकडे पाहिलं. "प्यायला नाहीत."

"पितो."

"नको, थांबा. आमच्यात पाहुण्यानं कपाला हात लावला नाही, तर त्याचं काही मागणं असतं. घरधनी हो म्हणाला की मग पाहुणा पितो."

"मला माहीत नव्हतं."

"नसेल. पण आता ठेवलाच आहे, तर सांगा. काय मागणं आहे?"

नाफ्ताली तारेकडे बघत राहिला. तारेच्या पलीकडे पहिल्या पावसाने माती काळी झाली होती. पेरणीचे दिवस होते आणि तिथे कुणीही नव्हतं.

"कळलं मला," अबू रास्मी म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मोठी वस्तू उचलायला वाकलेला माणूस, ती उचलता येईल का याचा अंदाज घेतो, तसा तो बसून होता. आतून भांड्यांचा आवाज आला आणि थांबला.

"माफ करणं माझ्या एकट्याच्या हातात नाही," शेवटी तो म्हणाला. "बोटं तिची सोलली आहेत. आणि ती बाहेर येणार नाही."

"हो," नाफ्ताली म्हणाला.

"शेवटची बस पावणेपाचला असते. निघा आता. दुकानापाशी कुणी काही बोललं तर माझं नाव सांगा, म्हणावं त्याच्या घरून आलोय."

नाफ्ताली उठला. हात पुढे करावा की नाही हे त्याला कळेना, म्हणून त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि तो पायऱ्या उतरला.

गल्लीच्या वळणावर त्याने मागे पाहिलं. अबू रास्मीने काठोकाठ भरलेला कप दोन्ही हातांत धरला होता. एक थेंब सांडू न देता तो सावकाश अंगणाच्या कडेपर्यंत गेला, कॉफी जमिनीवर ओतली, आणि नळाखाली धरून कप दोनदा विसळला.