आंजीच्या जीपची ती दुपार

मित्रांनो, मोठ्या आंजीत हायस्कूलच्या कुंपणाला टेकून एक जुनी जीप उभी आहे. तिचा हिरवा रंग उडाला आहे. मागचे एक चाक गेले, त्या जागी विटा रचल्या आहेत. ती जीप मी. मधल्या सुट्टीत मुले माझ्या बोनेटवर डबे उघडतात. त्यांना ठाऊक नाही, की एकदा माझ्यामुळे एका माणसाच्या जिवावर बेतले होते.

माझा जन्म १९६८ सालचा. सोळा वर्षे मी लष्करात होते. मग पुलगावला लिलाव झाला आणि आंजीच्या डोमाजीने मला घरी आणले. आंजी ते वर्धा, वर्धा ते आंजी, अशी मी सवाऱ्या वाहू लागले. डोमाजी मला आपल्या बैलांसारखे जपत असे. इंजिनाजवळ माझी एक काचेची वाटी आहे. टाकीतून येणाऱ्या पेट्रोलमधला गाळ तिच्यात बसतो. दर रविवारी तो ती वाटी काढून धूत असे.

१९९३ साली हायस्कूलमध्ये इंदिराबाई विज्ञान शिकवायला आल्या. त्यांचे यजमान अच्युतराव वर्ध्याला कचेरीत कारकून होते, म्हणून बाई रोज तिथूनच माझ्यातून येत. एका शनिवारी त्यांनी मला शाळेच्या मैदानात उभे करायला लावले आणि सारा आठवीचा वर्ग माझ्याभोवती बसवला. धडा होता मोटारीचा.

त्या दिवशी मला माझ्या कुळाची हकीकत कळली. महायुद्धाच्या धामधुमीत कार्ल प्रोब्स्ट नावाच्या माणसाने जीपचा पहिला आराखडा अवघ्या दोन दिवसांत कागदावर उतरवला होता. मग बाईंनी त्याहून जुनी गोष्ट सांगितली. १८८८ साली जर्मनीत बर्था बेन्झ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेली मोटार घेऊन माहेरी निघाली. बरोबर दोन मुलगे. शंभर किलोमीटरचा रस्ता. इतक्या लांब तोवर कुणीच मोटार नेली नव्हती. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीची पिन काढून नळी मोकळी केली. बाईंनी माझे बोनेट उघडून मुलांना तो पेट्रोलचा रस्ता टाकीपासून इंजिनापर्यंत बोटाने दाखवला.

डोमाजी बाजूला उभा राहून ऐकत होता. तो हसून म्हणाला, "बाई, पिनेनं गाडी चालू होत असती त मी ग्यारेजात कायले गेलो असतो?"

बाईही हसल्या. पण सोमवारी येताच त्यांनी त्याला गाडी शिकवायची गळ घातली. डोमाजीने आढेवेढे घेतले, मग मान्य केले. महिनाभर शाळा सुटल्यावर बाई मला मैदानात फिरवीत होत्या आणि कुंपणाबाहेर गाव गंमत पाहत होते. लायसन मिळाले. रस्त्यावर मात्र डोमाजीने त्यांच्या हाती स्टिअरिंग कधी दिले नाही. मैदान वेगळे आणि रस्ता वेगळा, असे तो म्हणे.

१९९७ चा सप्टेंबर उजाडला. सोयाबीन भरात होते. शेताच्या कामात दोन रविवार गेले आणि माझी वाटी धुवायची राहिली. रोज तो उद्या म्हणे. वाटीच्या तळाशी तांबूस गाळ साचत होता. मला तो जाणवत होता, पण मी सांगणार कशी?

तो शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती आणि बाई वर्ध्याला जायला माझ्याजवळ येऊन थांबल्या होत्या. तेवढ्यात डोमाजीची बायको मंदाबाई शेताकडून धावत आली. तिच्या मागे शेजारच्या शेतातला रामाजी आणि आणखी दोघे डोमाजीला खाटेवर घालून आणत होते. पायाच्या घोट्यावर दोन बारीक ठिपके होते. बांधावर त्याला नाग चावला होता.

रामाजीचे म्हणणे पडले, की आधी मंत्र टाकणाऱ्याकडे न्यावे. बाईंनी त्याला तिथेच थांबवले. सेवाग्रामच्या दवाखान्यात जायचे, दुसरीकडे कुठेही नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. पण नेणार कोण? गावातली दुसरी गाडी वर्ध्याला गेली होती. एसटीला तासभर अवकाश होता. ज्याला गाडी चालवता येत होती, तोच खाटेवर पडला होता.

मंदाबाई बाईंसमोर उभी राहिली. "बाई, तुमाले येते ना गाडी? मंग चला. मले दुसरं काई नाई सांगता येत."

रस्त्यावर बाईंनी गाडी कधी नेली नव्हती. पण त्यांनी पदर खोचला आणि माझ्या सीटवर बसल्या. डोमाजीला शेजारी टेकवले. मंदाबाईने मागून त्याचे खांदे धरले, रामाजी मागे चढला. मी निघाले.

पहिले चार किलोमीटर डोमाजी बोलत होता. पाय ठणकत होता, तरी नजर रस्त्यावरच होती. "तिसऱ्यात टाका. घाबरू नका. बैलगाडी हाये पुढं, हारन देजा." बाई तो सांगेल तसे गिअर टाकत होत्या. एका खड्ड्यात मी अशी आदळले, की मंदाबाईच्या तोंडून हुंदका निघाला.

मग डोमाजीचे शब्द जड होऊ लागले. "दुसऱ्यात" म्हणताना त्याची जीभ अडखळली. पापण्या मिटू लागल्या. तो झोपेला आला आहे असे मंदाबाईला वाटले. बाईंना ती झोप नाही, विष चढते आहे, हे कळले. त्यांनी पाय खाली दाबला. माझे इंजिन ओरडू लागले.

अर्धा रस्ता सरला आणि मला धाप लागली. दोन गचके बसले. वर पेट्रोल येईना. मी पळायची शिकस्त केली, पण निंबाच्या एका झाडाखाली माझे इंजिन बंद पडले.

मागेपुढे कुणी नव्हते. बाईंनी डोमाजीकडे पाहिले. त्याचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. त्याने हात उचलायचा यत्न केला, तोही मांडीवर पडला. आता सांगणारे कुणी उरले नव्हते.

बाई खाली उतरल्या. बोनेट उघडले. वर्गात दाखवलेला तो पेट्रोलचा रस्ता त्या बोटाने पुन्हा शोधू लागल्या. टाकी, नळी, मग वाटी. वाटी तांबड्या चिखलाने भरली होती. त्यांनी तिचा पेच सोडवला. गाळ ओतला, पदराने काच पुसली. वरच्या छिद्रातून तरी थेंब पडेना. तेव्हा त्यांनी अंबाड्यातला आकडा उपसला, त्याचे टोक सरळ केले आणि छिद्रात घातले. एकदा, दोनदा. केस तोंडावर आले होते. तिसऱ्यांदा काळा गोळा बाहेर आला आणि पेट्रोलची धार त्यांच्या मनगटावर पडली.

मागून मंदाबाई म्हणाली, "बाई, यायचा श्वास हळू होऊन राह्यला."

बाईंनी वाटी बसवली, पेट्रोल वर ओढायला पंपाचा छोटा दांडा हाताने मारला, धावत येऊन चावी फिरवली. मी खोकले. दुसऱ्यांदा खोकले. तिसऱ्यांदा, मित्रांनो, माझ्यात होते नव्हते तेवढे बळ एकवटून मी सुरू झाले.

वर्ध्याच्या गर्दीत बाईंनी कधी गाडी घातली नव्हती. त्या दिवशी रिक्षा, सायकली, भाजीच्या हातगाड्या यांच्यामधून त्या मला कशा घेऊन गेल्या, ते त्यांनाही पुढे आठवले नाही. रामाजी मागे उभा राहून लोकांना बाजूला सारत होता. सेवाग्रामला पोचलो, तेव्हा डोमाजीची छाती जेमतेम हलत होती. त्याला आत नेले आणि नळी घालून यंत्रावर श्वास दिला. आणखी पाव तास गेला असता तर काही खरे नव्हते, असे डॉक्टर म्हणाले. बाई माझ्या पायरीवर बसून राहिल्या. अच्युतराव शोधत आले, तेव्हा कुठे त्या उठल्या.

डोमाजीने तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. पंधरा दिवसांनी तो काठी टेकत माझ्याजवळ आला आणि वाटीकडे बघत राहिला. मग बाईंकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, वाटी मी धुतली नव्हती. माह्याच हातानं मी मेलो असतो."

त्यानंतर वाटी एकाही रविवारी चुकली नाही. दुसरेही एक झाले. त्याच दिवाळीत, मैदान मोकळे पाहून, त्याने मंदाबाईला गाडी शिकवायला माझ्या सीटवर बसवले. गाव पुन्हा कुंपणाशी जमले, पण या वेळी कुणी हसले नाही.

पुढे नव्या गाड्या आल्या. दोन हजार सालानंतर माझ्या सवाऱ्या कमी झाल्या, २००५ मध्ये माझे कागद संपले. भंगारवाला दोनदा येऊन गेला. डोमाजीने मला विकले नाही, शाळेला देऊन टाकले.

मित्रांनो, मला दसऱ्याला हार नको. तुमच्या दारात जे यंत्र असेल, त्याचे झाकण अधूनमधून उघडून बघा. त्याला तोंड नसते, त्याचे दुखणे तुम्हीच ओळखायचे असते. आणि घरी गेल्यावर एक विचारा. आपली गाडी आईला चालवता येते का? येत नसेल, तर तिला उद्या सकाळीच मैदानात घेऊन या. मी इथेच आहे, बघत राहीन.