किल्ल्याखालची हाक

मान्साने पूर्वजांना पाजायच्या जिनच्या बाटलीचं बूच दातांनी उपटलं आणि बाटली घराण्याचे प्रमुख नाना एबो यांच्या हातात दिली. समोरचा समुद्र धुक्यात अर्धा विरला होता. किल्ला वाळूवर नाही, हवेतच तरंगतोय असं तिला वाटत होतं.

आज किल्ल्याखाली नव्या स्मृतिस्तंभावरचं कापड काढायचं होतं. याच किल्ल्यातून जहाजांत कोंबून नेलेल्या गुलामांचे वंशज समुद्रापलीकडून आले होते, पांढऱ्या कपड्यांत, रडून डोळे सुजलेले. मान्सालाही भरून येत होतं. पण तिची आजी जहाजात चढलीच नव्हती. उत्तरेकडून विकत आणलेली ती पोर इथेच, नानांच्या घरात राहिली आणि त्या घराची लेकरं वाढवता वाढवता म्हातारी होऊन मेली. तिच्यासाठी कोण रडणार?

"नाना, पूर्वजांना हाका माराल ना, तेव्हा एक हाक माझ्या आजीलाही मारा," ती हळूच म्हणाली. "नुसतं आफिबा म्हणा."

"वेड लागलंय तुला? आफिबा म्हटलं की ती कोण असं विचारतील, आणि ती विकत आणलेली होती हे अख्ख्या गावाला कळेल. कोण कुठून आलं ते बोलायचं नाही, असा घराचा नियम आहे. म्हणून तर बाजारात ताठ मानेने बसतेस. उद्या बायका तुझ्या मासळीला नाकं मुरडतील."

"त्या आजही मुरडतात."

नानांना हसू फुटलं, पण मान नकारार्थीच हलली.

मग ते वाळूवर जिनची धार सोडू लागले. एकेका पूर्वजाचं नाव, 'ये, पी' म्हणून बोलावणं आणि त्यावर जमावाचा हुंकार. लाटाही त्याच तालात येत होत्या. बाटली रिकामी होत आली तशी मान्साने मान खाली घातली. याही वेळी आजी राहिली.

"आयिनपोका! ये, पी."

हुंकार आला नाही. घरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. हे नाव या किनाऱ्यावरचं नव्हतंच. नाना बाटली तशीच तिरकी धरून थांबले आणि मान्साच्या कानाशी वाकले.

"आफिबा नाव आमच्या घराने ठेवलेलं. तिचं स्वतःचं हे. मला पाठीवर बांधून झोपवताना सांगायची. म्हणायची, एकदा तरी मला माझ्या नावाने हाक मार."

"मग मारलीत?"

नानांनी बाटलीत उरलेली जिन वाळूवर ओतली.

"आत्ता मारली," ते म्हणाले. "हुंकार दे, पोरी."

मान्साने दिला. मागोमाग सगळ्या किनाऱ्याने दिला, हाक कोणाला ते न विचारता.