ठोका शेवटच्या रांगेपर्यंत

माझ्या नवऱ्याला, उन्मेषला, सगळं बेताचं लागतं. भाड्याने सबवूफर घेतला पाचशे वॉटचा आणि त्याला चालवायला अ‍ॅम्प्लिफायर दोनशेचा. उल्हासनगरचा दुकानदार सांगत होता, "भाऊ, पाचशे को पाचशेही दो. छोटेवाले को खींचोगे तो वूफर जलेगा." पण आमचे साहेब ऐकतील तर शपथ. "कमी पॉवर म्हणजे सेफ," म्हणाले.

आमच्या ओवीलाही त्याने असंच सेफ ठेवलंय. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेच्या गॅदरिंगला तिची लेझीम होती आणि ठोका लाकडी स्टेजमधून तिच्या पायांना कळावा म्हणून तर हा सबवूफर. तरी बाईंना सांगून याने तिला शेवटच्या रांगेत उभं करवलं. चुकली तर दिसू नये म्हणून. त्यावरून मी त्याच्याशी अबोला धरला होता.

दुपारी शिरगावच्या हॉलमध्ये पडदा उघडला. विंगेत उन्मेष अ‍ॅम्प्लिफायरपाशी, मी त्याच्या शेजारी. सुरुवात छान झाली. मग मागून ओवीने तळवा वर केला. बापलेकीची ठरलेली खूण: वाढव. त्याने बटण फिरवलं, अ‍ॅम्प्लिफायरवर ताण पडल्याचा लाल दिवा लुकलुकला. पुन्हा तळवा, पुन्हा बटण. आता दिवा विझेचना. ठोका फाटका येऊ लागला आणि काहीतरी जळल्याचा वास सुटला.

"कमी कर," मी म्हटलं.

"कमी केला तर तिला कळणार नाही गं."

"जळला तर काहीच कळणार नाही."

त्याचा हात हलेना. शेवटी मीच बटण मागे फिरवलं. दिवा विझला, ठोका स्वच्छ झाला, पण बारीक. ओवीची लेझीम थांबली. सगळ्या मुली नाचतायत आणि ही पायांकडे बघत उभी. बटण मी फिरवलं होतं. उन्मेष तिला आत यायची खूण करू लागला.

तिने बापाकडे पाहिलं आणि रांगांमधून वाट काढत सरळ पुढे आली. सगळ्यांच्या पुढे, सबवूफरला खेटून. अनवाणी पाय फळीवर रोवून जरा थांबली. मग लेझीम उचलली आणि बरोबर ठोक्यावर नाचू लागली.

मला रडू आवरेना.

नाच संपल्यावर ती विंगेत आली, अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात जमतील तेवढे फाकवले.

"पाचशेचा," तिला ओठ दिसतील असं उन्मेष सावकाश म्हणाला. "पुढच्या वेळी पाचशेचाच आणू."

मग तो बाईंना शोधायला गेला. पुढच्या नाचातही तिची जागा शेवटच्या रांगेतच ठरली होती, ती आता बदलून घ्यायची होती.