डोक्यावर उभा केलेला हत्ती

मी एक जुना हत्ती आहे, मित्रांनो. पण माझी सोंड शोधू नका. बुद्धिबळाच्या पटाच्या कोपऱ्यात बुरुजासारखा जो उभा असतो, तो मी. नाव हत्तीचे आणि रूप बुरुजाचे, यात माझा काही दोष नाही. एका कारागिराने मला फिरत्या यंत्रावर कातले, डोक्यावर कंगोरे कोरले, तळात शिसे भरले आणि खाली हिरव्या कापडाची चकती चिकटवली. मी सरळ उभा राहावा म्हणूनच त्याने एवढी खटपट केली होती.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. तेथील क्लबात माझी एकोणीस वर्षे गेली. एका निवृत्त काकांनी माझ्या जोरावर हरता डाव ओढून आणला, तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसून पेटीत ठेवले होते. पुढे माझा एक कंगोरा उडाला, रंग पिवळा पडला आणि कौतुकही आटले. त्याचे मला दुःख नाही. लाकूड म्हटले की झिजायचेच. मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा.

प्यादे पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोहोचले की त्याचा वजीर होतो, हे तुम्हांला ठाऊक असेल. आमच्या क्लबात जादा वजीर नव्हते. म्हणून मेलेला हत्ती उचलायचा, डोक्यावर उभा करायचा आणि त्याला वजीर म्हणायचे, अशी रीत पडली होती. पाय आकाशाकडे करून दुसऱ्याचे नाव मिरवणे मला कधीच रुचले नाही. पण सगळेच तसे करत. वकीलसाहेब तर सर्वांत जास्त.

त्या रविवारी दुपारी क्लबाच्या संघातील चौथ्या जागेसाठी शेवटचा डाव होता. एका बाजूला वकीलसाहेब, दुसऱ्या बाजूला शहर बस चालवणाऱ्या ताई. वकीलसाहेबांना बरोबरी पुरेशी होती. ताईंना जिंकणे भाग होते. अकरा वर्षे त्या राखीव खेळाडू होत्या. निघताना नणंदेने त्यांना टोमणा मारला होता, तो त्यांनी स्वतःच हसत सांगितला: “वहिनी, इतकी वर्षं नुसत्या बाकावर बसून येता, आज तरी खुर्चीवर बसून या.”

मी ताईंचा पांढरा हत्ती होतो. दोन तास एखाद्याच्या बोटांत राहिले की त्याचे मन वाचता येते. ताई पटाकडे रस्त्याकडे पाहावे तशा पाहत. समोरचा आता कोठे वळणार, हे त्या त्याच्या चालीआधी त्याच्या नजरेवरून ओळखत. मारलेल्या सोंगट्या त्या पटाशेजारी ओळीने, तोंडे एका दिशेला करून उभ्या करत. वकीलसाहेबांनी मात्र ताईंचा वजीर मारल्यापासून तो मुठीत धरला होता आणि अंगठ्याच्या नखाने ते त्यावर टकटक करत होते. तो आवाज ताईंच्या कपाळात जात होता. सांगावे का? त्यांनी विचार केला आणि गिळला. सांगितले असते तर खोलीभर झाले असते की बाई हरायला लागल्या, आता कुरकुर सुरू.

पुढे मीही मारला गेलो. अखेर पटावर दोन राजे आणि दोन प्यादी उरली. ताईंचे प्यादे एक चाल आधी पोहोचत होते. नवा वजीर कोपऱ्यातून तिरका शह देईल, वकीलसाहेबांचा राजा हलेल आणि मग त्यांचे प्यादे हाती लागेल, हे ताईंनी तीनदा मोजून पाहिले. घड्याळात चाळीस सेकंद होते. वजीर वकीलसाहेबांच्या मुठीत होता. शेजारी मी पडलो होतो. अकरा वर्षांच्या सवयीने त्यांनी मला उचलले, डोक्यावर उभे केले, “वजीर. शह.” म्हटले आणि घड्याळ दाबले.

वकीलसाहेब जागचे हलले नाहीत. सावकाश म्हणाले, “हत्ती तिरका शह कधीपासून द्यायला लागला?”

पंच होते एक माजी मुख्याध्यापक. त्यांना सारे सर म्हणत. त्यांनी नियमावली उघडली. त्यात स्पष्ट होते: उलटा ठेवला तरी हत्ती हा हत्तीच. घड्याळ थांबवून वजीर मागायला हवा होता. सरांचा आवाज बारीक झाला, पण निकाल त्यांनी तोच दिला: शह नाही, हत्ती हत्ती म्हणूनच खेळेल. मग वकीलसाहेबांनी आपले प्यादे पुढे सरकवले आणि ताईंनी नीट मांडून ठेवलेल्या ओळीतून स्वतःचा काळा वजीर अलगद उचलून घेतला. शिस्तीचे फळ कोणाच्या पदरात पडते, ते मी तेव्हा पाहिले.

कोणीतरी मला सरळ केले. मला धरताना ताईंनी राग माझ्यावर काढला नाही. वजिरासमोर एकटा हत्ती म्हणजे वाघाच्या पुढ्यात शेळी. तरी त्या सतरा चाली लढल्या. वकीलसाहेबांचीही वेळ संपत आली होती. घाईत त्यांनी वजीर आपल्या राजाच्या अगदी पुढ्यात, त्याच ओळीत नेला. ताईंनी मला त्या ओळीवर, आपल्या राजाला खेटून ठेवले. आता वजीर बाजूला होऊ शकत नव्हता, कारण मागच्या राजाला माझा शह बसला असता. त्याने मला मारले, ताईंच्या राजाने त्याला मारले. पटावर दोन उघडे राजे राहिले. बरोबरी झाली आणि चौथी जागा वकीलसाहेबांना मिळाली.

निकालाच्या कागदावर सही करून ताई उठल्या. “सर, नियम बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, “पण गेल्या रविवारी ह्यांनी हाच हत्ती उलटा ठेवला, तेव्हा तो वजीर होता. आपण सगळे बघत होतो. तेव्हा हे पुस्तक कुठं होतं?”

वकीलसाहेब म्हणाले की तो मैत्रीचा डाव होता. सर चष्मा पुसत राहिले. ताईंनी वकीलसाहेबांसमोर तळहात पसरला. क्षणभर कोणालाच कळले नाही. मग वकीलसाहेबांनी मूठ उघडली, आणि ताईंनी आपला पांढरा वजीर घेऊन पेटीत माझ्याशेजारी ठेवला. तो अजून घामाने ओला होता.

आता क्लबात प्रत्येक पटाबरोबर जादा वजीर असतात. निकाल मात्र तोच राहिला. मित्रांनो, आम्हांला पुसा, पेटीत ठेवा, पडलो तर उचला. तेवढी काळजी पुष्कळ झाली. पण जो नियम सर्वांनी मिळून मोडला, तो एखाद्या दिवशी एकट्या माणसावर उगारू नका. आणि तसे कोणी करताना दिसले, तर चष्मा पुसत बसू नका.